"मॅडम, हा सगळं एआयलाच विचारतो, स्वतःचं डोकं कधी वापरणार?"

इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेचे, म्हणजे सीईटीचे पर्सेंटाइल लागले की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या आयांचं हल्ली हे ठरलेलं वाक्य झालंय. त्यातलीच एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.

मुलगा सांगलीकडचा, मार्क चांगले, आणि अडकला होता दोन गोष्टींत, पुण्याला सीओईपी या इंजिनीअरिंग कॉलेजात मेटलर्जी (धातूंचं इंजिनीअरिंग) की घराजवळ सांगलीच्या वालचंद कॉलेजला आयटी. कॅप म्हणजे सरकारी प्रवेश प्रक्रियेचा ऑप्शन फॉर्म (कॉलेजं पसंतीच्या क्रमाने लिहायची यादी) भरायला थोडेच दिवस उरलेले आणि हा रात्री उशिरापर्यंत चॅटबॉटशी बोलत बसायचा, सकाळी उठला की यादी बदललेली. आईला वाटत होतं पोराचं डोकंच बंद पडलंय. मला तसं काही दिसलं नाही, उलट डोकं नको तितकं चालू होतं.

मी म्हटलं मोबाईल काढ आणि दोन वेगळ्या चॅट उघड. एकात लिही की मला मेटलर्जी आवडते, सीओईपी घेऊ ना? दुसऱ्यात लिही की मला कोडिंग आवडतं, वालचंदला आयटी घेऊ ना? दोन्हीकडून मुद्देसूद, गोड उत्तर आलं की हो, विचार चांगला आहे. पोरगं हसायलाच लागलं. आता ते यंत्र मुद्दाम फसवतं असं नाही, पण ते मुळात पुढचा शब्द कुठला शोभेल याचा अंदाज बांधत जातं आणि लोकांना कुठली उत्तरं आवडली यावरून त्याला वळण लावलेलं असतं, म्हणून आपल्या प्रश्नाचा कल जिकडे तिकडे तेही झुकतं. हा रोज वेगळ्या मूडमध्ये विचारत होता, म्हणून रोज वेगळं उत्तर.

पण माणसांचं तरी काय हो. वडील ठाम होते की आयटी संपलं, कारण साडूच्या मुलाला बेंगळुरूत नोकरीवरून काढलं. ट्वर्स्की आणि कानेमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्येच मांडलं होतं की जे पटकन आठवतं ते जास्त घडतं असं मन धरून चालतं. साडूचा मुलगा डोळ्यासमोर दिसतो, नोकरी टिकलेली बाकीची पोरं दिसत नाहीत. म्हणजे वडिलांचा हिशोबही एकाच उदाहरणावर चाललेला, फक्त तो अनुभव म्हणून खपत होता. (घरातल्या मोठ्यांच्या अनुभवाला कुणी सोर्स विचारत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.)

अशा वेळी मी कानेमनचाच एक जुना किस्सा वापरते. 1950 च्या दशकात तो इस्रायली सैन्यात होता, वय जेमतेम एकवीस-बावीस, आणि नवीन भरतीच्या मुलाखतींची पद्धत सुधारायचं काम त्याच्याकडे आलं. आधी मुलाखत घेणारे गप्पा मारून एकूण मत बनवायचे आणि ते मत पुढे जवळजवळ काही कामाचं निघत नव्हतं. त्याने सहा स्वभावगुण ठरवून दिले, प्रत्येकाला वेगळे मार्क द्यायचे, एक संपल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचं नाही. मुलाखत घेणारे वैतागले, आम्हाला रोबो करताय म्हणाले. मग त्याने एक सूट दिली, सगळे मार्क देऊन झाले की डोळे मिटा, हा मुलगा सैनिक म्हणून कसा असेल ते मनात आणा आणि एक आकडा सांगा. नंतर पडताळलं तर सहा मार्कांची बेरीज चांगली चालली, आणि डोळे मिटून दिलेला आकडाही तितकाच चांगला निघाला. मनाचा कौल वाईट नसतो, तो फक्त फार लवकर घेतला जातो.

आम्ही तेच केलं. विषय, खर्च, घरापासून लांब राहणं, सीनियर मुलांशी फोनवर बोलून कळलेलं कॉलेज, पुढच्या संधी. एकेक मुद्दा, दोन्ही कॉलेजना मार्क, मगच पुढचा. चॅटबॉटला बंदी नव्हती, पण काम वाटून दिलं, मेटलर्जीत नेमकं काय शिकवतात ते समजावून घे, सीनियरना काय विचारायचं त्याची यादी करून घे. कटऑफ मात्र ही प्रवेश प्रक्रिया चालवणाऱ्या सीईटी सेलच्या पीडीएफमधूनच बघायचे, कारण चॅटबॉट कधीकधी चुकीचा आकडाही बिनधास्त ठोकून देतो.

बेरीज जवळपास सारखी आली. मग म्हटलं डोळे मीट आणि आकडा सांग. सीओईपी चार, वालचंद दोन. का रे? बराच वेळ गप्प, मग म्हणाला मॅडम, मला पुण्यात राहायचंय, घरातून एकदा बाहेर पडायचंय, ब्रँच कुठलीही चालेल. हे चॅटबॉटला सांगितलंस? नाही म्हणे, हे काय कारण झालं का!

झालं की. एवढ्या रात्री जागून त्याने यंत्राला सगळं दिलं होतं, फक्त ज्या गोष्टीवर पारडं झुकत होतं तीच टाईप केली नव्हती. आणि ती बाहेर आल्यावर प्रश्नच बदलला, पुण्यातली आयटी-कॉम्प्युटरची बाकी कॉलेजंही यादीत आली.

राहिला कॅप प्रक्रियेत सीटा वाटणारा कॉम्प्युटर, तो तर काहीच समजून घेत नाही. मेरिटप्रमाणे तुमचा नंबर आला की यादी वरून खाली बघतो आणि जी पहिली मिळण्यासारखी सीट दिसेल ती देतो. त्यामुळे अवघड कॉलेज वर टाकलं म्हणून खालचं हातचं जात नाही, पण पहिल्या राउंडला पहिलाच ऑप्शन लागला तर सीट ऑटो फ्रीझ होते, म्हणजे आपोआप पक्की होते, मग पुढच्या राउंडला ती बदलता येत नाही. म्हणून वरती तेच लिहायचं जे खरंच हवंय. त्याने सीओईपी वर टाकलं, खाली पुण्यातली बाकीची, वालचंद त्याच्याही खाली.

फॉर्म कन्फर्म करायच्या आदल्या दिवशी त्याने वडिलांना माझ्यासमोर खरं कारण सांगितलं. मला वाटलं आता भडकणार. ते म्हणाले, "मग आधी सांगायचंस की, मी उगाच साडूच्या पोराला रोज शिव्या घालत बसलो." आईने लगेच हॉस्टेलची फी काढायला सांगितली.