लडाखच्या ग्रॅनाइटची वेगवेगळी वये वाचली. हिमालय केव्हा उभा राहिला, याचे खरे वय कोणते?

आपण वाचलेली सगळी वये खरी असू शकतात. खोटा असतो तो प्रयोगशाळेतला आकडा म्हणजेच पर्वताचे वय हा समज. ग्रॅनाइटमधल्या झिर्कॉन या खनिजाचा स्फटिक घडताना युरेनियमला थारा देतो, शिशाला जवळजवळ देत नाही, म्हणून युरेनियम-२३८ (अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे) आणि युरेनियम-२३५ (सुमारे ७०.४ कोटी) यांपासून साचलेल्या शिशाचे हिशेब जुळले, तर शिलारस केव्हा गोठला हे कळते. तो खडक पुढे दुमडला की नाही, हे मात्र खडकापुढे उभे राहूनच पाहावे लागते.

मी साताऱ्यात भूशास्त्र शिकवत असे. आमच्याकडचा ग्रॅनाइट कोयनेजवळ गोठणे गावी खोदलेल्या खोल विंधनविवरात, सव्वा किलोमीटर काळ्या पाषाणाखाली. त्यामुळे मुलांना कर्नाटकात न्यावे लागे. तिथल्या एका खाणीच्या भिंतीत ग्रॅनाइटची पांढुरकी शीर नाइस या रूपांतरित खडकाच्या पट्ट्यांबरोबर नागमोडी दुमडलेली होती आणि त्या सगळ्याला आडवी छेदून बोटभर रुंदीची गुलाबी शीर सरळ गेलेली होती. पहिली दुमडण्यापूर्वीची, दुसरी नंतरची. दोन्हींची वये काढली की दुमडण्याचा काळ त्यांच्यामध्ये सापडतो. माझे एक सहकारी मात्र गाडी थांबेल तिथला तुकडा पिशवीत टाकीत आणि रेखाटन करणाऱ्या मुलांना ‘चला, पुढचं लॅब बघेल’ म्हणून उठवीत. अशाच एका तुकड्यातील कृष्णाभ्रकाचे (काळ्या अभ्रकाचे) पोटॅशियम-आर्गॉन वय, म्हणजे पोटॅशियमपासून साचलेल्या आर्गॉन वायूवरून काढलेले वय, त्यांनी अहवालात खुशाल ‘पर्वतनिर्मितीचा काळ’ म्हणून लिहिले. खडक सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत निवल्याखेरीज कृष्णाभ्रकात आर्गॉन टिकत नाही, तेव्हा ते वय निवण्याचे होते, हे मी बैठकीत सांगितले. त्यानंतर आमचे बोलणे कामापुरते उरले.

लडाखचा ग्रॅनाइट बहुतांशी ६.५ ते ५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे, म्हणजे टेथिस समुद्राचा तळ आशियाखाली सरकत असतानाचा. नेपाळमधील मनास्लूचा सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीचा, भारत आणि आशिया यांच्या टकरीनंतर जाड झालेले भूकवच वितळून झालेला. मुख्य टक्कर या दोहोंच्या दरम्यानची, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीची.

अर्थात झिर्कॉनच्या गाभ्यात आधीच्या खडकाचा जुना कण उरलेला असू शकतो, आणि कवच ताणले जातानाही ग्रॅनाइट घडतो, तेव्हा प्रत्येक ग्रॅनाइटमागे पर्वत शोधू नये. आपण विद्यार्थी असाल, तर आधी रेखाटन पुरे करा आणि मगच हातोडी उचला. सोबतचे सर घाई करू लागले, तर त्यांना गाडीत बसू द्या.