प्रत्यारोपण ठरलेले असताना आधी गाठीवर उपचार कशासाठी?

वडिलांच्या यकृतात कर्करोगाची गाठ आहे, प्रत्यारोपण ठरले आहे, तरीही आधी 'टेस' (TACE: गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमनीतून कर्करोगाचे औषध सोडून तो रक्तपुरवठा बंद करणे) करायला सांगितले आहे; त्याने प्रत्यारोपणानंतरचे आयुष्य वाढते की नुसता वेळ जातो, असे आपण विचारले आहे. यकृतविकाराच्या रुग्णांवर उपचार करताना हा प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो.

आधी गाठीचे माप पाहावे लागते. इटलीतील मिलानचे शल्यविशारद माझाफेरो यांनी १९९६ साली ४८ रुग्णांच्या अनुभवावरून ठरवलेले निकष आजही प्रमाण मानले जातात: एकच गाठ असेल तर ५ सेंटिमीटरपर्यंत, दोन-तीन असतील तर प्रत्येकी ३ सेंटिमीटरपर्यंत, आणि रोग रक्तवाहिनीत किंवा यकृताबाहेर गेलेला नसावा. त्या रुग्णांपैकी ७५ टक्के चार वर्षांनंतर हयात होते.

गाठ या मापात असेल, तर टेसचा मुख्य हेतू यकृत मिळेपर्यंत ती मापातच राहावी, एवढाच असतो. अमेरिकेतील अनेक केंद्रांनी मिळून ३,६०१ रुग्णांचा जो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात असा उपचार घेतलेल्या आणि न घेतलेल्या रुग्णांच्या जगण्यात एकंदरीत फरक आढळला नाही. मात्र काढलेल्या यकृतात कर्करोगाची एकही जिवंत पेशी ज्यांच्यात सापडली नाही, त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाण कमी होते, आणि पुन्हापुन्हा उपचार करूनही ज्यांची गाठ दबली नाही, त्यांच्यात ते अधिक होते. म्हणून मी या उपचाराकडे गाठीचा स्वभाव ओळखण्याची परीक्षा म्हणूनही पाहतो.

गाठ मापाबाहेर असेल, तर मात्र हा उपचार निर्णायक ठरू शकतो. इटलीतील एका चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले, उपचाराने गाठ आटोक्यात आलेल्या ४५ रुग्णांचे चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले गेले. पाच वर्षांनंतर प्रत्यारोपण झालेल्या गटात ७७.५ टक्के, तर प्रत्यारोपण न झालेल्या गटात ३१.२ टक्के रुग्ण जिवंत राहिल्याचा अंदाज निघाला. रुग्णसंख्या लहान आहे हे खरे, पण एवढी तफावत दुर्लक्षिता येत नाही.

आपल्याकडे यकृताचा भाग बहुधा घरातीलच कोणी देते, त्यामुळे शस्त्रक्रियेची तारीख हातात असते आणि प्रतीक्षेचे कारण उरत नाही. गाठ लहान, अल्फा फीटोप्रोटीन (या कर्करोगात रक्तात वाढू शकणारे प्रथिन) कमी आणि दाता तयार असेल, तर टेस खरोखर आवश्यक आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. गाठ मोठी किंवा या प्रथिनाचे प्रमाण हजाराच्या घरात असेल, तर दोन-तीन महिने थांबून गाठ कशी वागते ते पाहावे, असे माझे मत आहे. निरोगी मुलाला किंवा पत्नीला टेबलावर घेण्याआधी तेवढे समजणे मला आवश्यक वाटते.

बिलिरुबिन वाढलेले असेल किंवा पोटात पाणी झालेले असेल, तर टेसमुळे उरलेसुरले यकृतही निकामी होऊ शकते. इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध जागवणारे औषध) चालू असल्यास शेवटच्या डोसची तारीख प्रत्यारोपण करणाऱ्यांना अवश्य सांगावी, कारण त्या औषधाचा परिणाम रेंगाळतो आणि शरीर नवे यकृत नाकारण्याचा धोका वाढतो.

टेस झालीच, तर सुमारे महिन्याभराने होणाऱ्या सीटी स्कॅनमध्ये फक्त गाठीच्या आकाराकडे पाहू नका. तिच्यातला किती भाग अजून रक्त ओढतो आहे, म्हणजेच जिवंत आहे, ते रेडिओलॉजिस्टकडून समजून घ्या.