वडिलांना पार्किन्सन निघालाय. मी 41 वर्षांचा आहे. मलाही होईल का? टाळता येतो का?

माझ्या बाबांना सहा वर्षांपासून आहे, त्यामुळे हाच प्रश्न मीही नागपूरच्या धंतोलीतल्या न्यूरॉलॉजिस्टना घाबरत घाबरत विचारला होता. बहुतेक रुग्णांच्या घरात हा आजार दुसऱ्या कोणाला नसतो. आईवडिलांना असला तर मुलांचा धोका थोडा वाढतो, पण बापाला झाला म्हणून पोराला होणारच, असं नाही.

या आजारात मेंदूतल्या डोपामिन (हालचाली नीट ठेवणारं रसायन) तयार करणाऱ्या पेशी मरत जातात, तेही वर्षानुवर्षं, गुपचूप. हात थरथरायला लागतो तोवर बऱ्याच गेलेल्या असतात. आमच्याकडे तर थरथर सगळ्यात शेवटी आली. आधी बाबांना तर्रीचा वास येईनासा झाला. झोपेत ओरडायचे, लाथा झाडायचे. मग दुधाच्या हिशेबाच्या वहीतलं अक्षर बारीक होत गेलं. उजवा खांदा आखडला तेव्हा 'थंडीनं असन' म्हणून आम्ही चार महिने नुसतं शेकत बसलो. बद्धकोष्ठता होतीच, पण ती कोण मोजतो!

हमखास टाळायचा उपाय आज कोणाकडेच नाही. पण आपल्या विदर्भात एक गोष्ट मनावर घ्यायलाच हवी, ती म्हणजे फवारणी. पॅराक्वाटसारखी तणनाशकं आणि काही कीटकनाशकं यांचा या आजाराशी संबंध अभ्यासांतून दिसलाय. काटोलकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेत बाबांनी वीस वर्षं तोंडाला नुसता दुपट्टा बांधून पंप मारला. त्यामुळेच झालं, असं छातीठोक सांगता येणार नाही. पण आता हातमोजे आणि मास्क असल्याशिवाय मी गड्याला पंप उचलू देत नाही, आणि फवारणीचे कपडे घरात येत नाहीत.

दुसरं म्हणजे घाम येईल असा नियमित व्यायाम. तो करणाऱ्यांत हा आजार कमी आढळतो. मी सेमिनरी हिल्सचा चढ धरलाय. कॉफी पिणाऱ्यांतही कमी दिसतो म्हणतात, पण तेवढ्यासाठी चहा सोडायची माझी तयारी नाही. डोक्याला मार लागणंही धोक्याचं, तेव्हा हेल्मेट घाला, चौकात पोलीस नसला तरी.

आणि हे आजच करा. वडील गॅसची किंवा चक्करची गोळी रोज घेतात का ते बघा. लेव्होसल्पिराइड, मेटोक्लोप्रमाइड, सिनॅरिझिन, फ्लुनारिझिन या औषधांनी हुबेहूब पार्किन्सनसारखी लक्षणं येऊ शकतात, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं ती बंद केल्यावर पुष्कळदा काही महिन्यांत ओसरतातही. गॅसच्या काही कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड ॲसिडिटीच्या औषधासोबत मिसळलेलं असतं, नावावरून कळत नाही. मनानं काही बंद करू नका. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या टेबलावर ओता.