गिव्ह अप मधी कोणी काही देत नाही भाऊ

अरे इंग्रजीतल्या फ्रेजल व्हर्बची, म्हणजे गिव्ह अपसारख्या क्रियापद अन् शेपटाच्या जोड्यांची, लिस्ट पाठ करू नको बे, मी पण वही भरून पाठ केली होती अन् नागपुरात बर्डीवरच्या इंटरव्ह्यूत सगळी साफ विसरलो. आपण म्हणतो ना ‘तर्री पोहे खाऊन टाक’, त्यात टाकतो का काही? तसंच गिव्ह अप, म्हणजे नाद सोडणं, त्यात देणंबिणं काही नाही, म्हणून जोडी अख्खी एक शब्द समजूनच उचलायची. लुकचंच घे, लुक फॉर म्हणजे शोधणं, लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं, लुक इन्टू म्हणजे प्रकरण तपासणं, क्रियापद तेच पण शेपूट बदललं की अर्थ गेला.

आता खरी गोची कुठे होते तर मराठीतलं -ला, -शी, -बद्दल आपण जसंच्या तसं तिकडे नेतो, ‘स्टेशनला पोचलो’ म्हणून रीच्ड टू स्टेशन, ‘त्याबद्दल चर्चा’ म्हणून डिस्कस अबाउट, ‘तिच्याशी लग्न’ म्हणून मॅरीड विथ हर. पहिल्या दोघांत मधी काहीच लागत नाही, रीच्ड द स्टेशन, डिस्कस इट, बस. तिसऱ्यात मॅरीड टू. डिपेंडला मात्र ऑन लागतंच.

अजून एक, इट नं देम सारखे छोटे शब्द कधी कधी जोडीच्या मधात घुसतात, पुट ऑफ म्हणजे पुढं ढकलणं, तिथं पुट इट ऑफ म्हणायचं, पुट ऑफ इट नाही, पण लुक आफ्टर तुटत नाही, लुक आफ्टर इट. काहून ते नको विचारू, दोन-चार वाक्यं मोठ्यानं बोलून पाय, कानालाच कळते मंग. रोज एकच क्रियापद घे, गेट (get) पासून सुरू कर.