लायसन्सी दार उघडत नाही, सोसायटी म्हणते बाहेर काढा

प्रश्न : कोथरूडमधला फ्लॅट मी एका तरुणाला ११ महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सवर दिला आहे. दोन महिने पैसे थकलेत. तो रात्री ओरडतो, भिंतीवर डोकं आपटतो, चार दिवसांपासून दार उघडत नाही. कुलूप बदलून सामान त्याच्या गावी पाठवू का?

उत्तर : नाही. जबरदस्तीने ताबा घेतलात, तर थकबाकीदार तो असूनही आरोपी तुम्ही व्हाल. वीज-पाणीही तोडू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ मध्ये तसं तोडणाऱ्या मालकाला कैदेची तरतूद आहे. ‘हा भाडेकरू नाही, लायसन्सी (लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा) आहे’ हा युक्तिवाद पोलीस चौकीत करून बघायची हौस नको. सोसायटीच्या ठरावानेही कुणाला घराबाहेर काढता येत नाही.

आज त्याच्या जिवाचं बघा. स्वतःला इजा करतोय, म्हणून ११२ ला फोन करा आणि ठाण्यात लेखी अर्ज द्या. अर्जात ‘वेडसर’ लिहू नका, दिसलं-ऐकलं तेवढंच लिहा : कोणत्या रात्री किती वाजता आवाज आला, दाराबाहेर किती डबे तसेच पडून आहेत. ‘आधी घरच्यांना आणा’ असं उत्तर हमखास मिळतं. तेव्हा मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चं कलम १०० दाखवा. आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका असलेल्या माणसाला पोलिसांनी संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यायचं असतं. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. दार फोडायचं तर पोलिसांनी, पंचांसमोर. त्याच कायद्याच्या कलम ९४ नुसार डॉक्टर तातडीचे उपचार जास्तीत जास्त ७२ तास देऊ शकतात.

आई-वडिलांचा पत्ता करारात किंवा पोलीस पडताळणीच्या फॉर्मवर सापडेल. त्यांना घडलं ते सांगा, आजाराचं नाव सांगू नका. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर अक्षरही नको. कसं बोलावं हे कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा : १४४१६.

तो शुद्धीत बोलून ‘मला डॉक्टर नको’ म्हणाला आणि तातडीचा धोका नसेल, तर सज्ञान माणसाचा तो हक्क आहे. त्याच्यावर उपचार करवून घेणं ही तुमची कायदेशीर जबाबदारी नाही.

ताब्याचं वेगळं. करारातल्या मुदतीची लेखी नोटीस द्या. करार संपूनही ताबा मिळाला नाही, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज. करार संपल्यापासून दुप्पट दराने भरपाई मागता येते. समन्स मिळाल्यावर त्याला हरकतीसाठी ३० दिवस असतात. तो रुग्णालयात असताना समन्स बंद दारावर चिकटवून एकतर्फी आदेश घेण्याचा मोह होईल. आजार लपवून घेतलेला असा आदेश रद्द होऊ शकतो. आजाराची माहिती अर्जातच द्या आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२ नियम १५ च्या धर्तीवर त्याच्यासाठी पालक (प्रकरणात त्याची बाजू मांडणारा) नेमायची विनंती करा.

त्याच्या घरची माणसं सामान न्यायला आली, तर त्याचं संमतीपत्र मागा, यादी करून दोन सह्या घ्या आणि थकबाकी वजा करून उरलेलं डिपॉझिट त्याच्याच खात्यात भरा.