रात्री मरणाची भीती वाटते तेव्हा

भाऊ, वडील गेल्यावर मीही रात्री दोनला छाती धरून उठायचो. आधी एकदा डॉक्टरांना दाखव, ईसीजी काढ. रिपोर्ट नीट आला की पुन्हा पुन्हा तपासण्या नको. मी नांदेडला खेटे घातले, भीती वाढतच गेली.

धडधड सुरू झाली की ओसरीवर ये. पाय गार शहाबादी फरशीवर टेक, श्वास सावकाश सोड. साधारण दहा मिनिटांत जोर ओसरायला लागतो.

- मोबाईलवर आजार शोधू नकोस.
- घरात कुणाला तरी सांग. मी आईला सांगितलं. ज्वारी निवडता निवडता ती म्हणाली, "मलाबी वाटतं रे." त्या रात्री झोप लागली.

झोप-जेवण उडालं तर टेलिमानसला, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाईनला, १४४१६ वर फोन कर. फुकट आहे, मराठीत बोलतात. ध्यानबिन नंतर पाहू.