दोन पिक्सेलची रेघ कुठून आली?

प्रश्न : ताई, यंत्रांवर बसवायच्या छोट्या डिस्प्लेचं सॉफ्टवेअर मी लिहितो. स्क्रीन ८०० × ४८०, चिप आर्मची, ग्राफिक्ससाठी वेगळा प्रोसेसर नाही. एका चित्रावर दुसरा अर्धपारदर्शक थर चढवणारं ब्लेंडिंगचं फंक्शन फार हळू चालायचं. ते मी निऑनमध्ये (एकाच आज्ञेत अनेक किमती हाताळणाऱ्या, आर्म चिपच्या खास आज्ञांत) लिहून एका वेळी ८ पिक्सेल घेतले आणि २५५ ने भागायच्या जागी ८ बिटं उजवीकडे सरकवली. वेग छान वाढला. पूर्ण स्क्रीनच्या टेस्टही पास झाल्या (रंगाच्या किमतीत १ चा फरक आम्ही चालवून घेतो). आता दोन तक्रारी आल्या आहेत. सूचनेची पांढरी पट्टी विरून गेली की तिच्या खालचा पांढरा भाग काही सेकंदांत राखाडी होत काळा पडतो. आणि १५० पिक्सेल रुंद बटणांवर उजव्या कडेच्या थोडी आत एक बारीक उभी रेघ दिसते. वरिष्ठ म्हणतात, कंपायलरचा दोष असेल, सगळं रिव्हर्ट कर (जुना कोड परत आण). काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कंपायलरला तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या पत्रातल्या आकड्यांवरूनच दोन्ही दोष सापडतात, आणि ते एकमेकांपासून अगदी वेगळे आहेत. एकाच कमिटमध्ये (कोडमधल्या बदलांच्या एका नोंदीत) आल्यामुळे गिट बायसेक्ट, म्हणजे दोष कोणत्या कमिटपासून आला ते शोधणारी आज्ञा, तुम्हाला त्या कमिटपर्यंत नेऊन सोडेल, पुढचं हातानेच करावं लागेल.

आधी रेघ. १५० ला ८ ने भागा : १८ गठ्ठे, म्हणजे १४४ पिक्सेल, उरले ६. ८०० ला ८ ने पूर्ण भाग जातो, म्हणून पूर्ण स्क्रीनच्या टेस्टमध्ये हे कधीच दिसणार नव्हतं. उरलेल्या ६ साठी तुम्ही शेवटचा गठ्ठा मागे सरकवून १४२ पासून घेतला असणार. पिक्सेल कॉपी करताना ही युक्ती बिनधोक आहे, कारण तीच किंमत दोनदा लिहिली तरी बिघडत नाही. ब्लेंडिंगचं तसं नाही. १४२ आणि १४३ या दोन पिक्सेलवर थर दोनदा चढतो, भिंतीच्या एका पट्ट्याला रंगाचा दुसरा हात बसावा तसा. स्क्रीनचा फोटो मोठा करून पाहा : रेघ बरोबर दोन पिक्सेल रुंद आणि कडेपासून सहा पिक्सेल आत निघाली, तर कारण हेच. कडेचे सहा पिक्सेल जुनेच राहिलेले दिसले, तर शेपटाचं, म्हणजे या उरलेल्या पिक्सेलचं, काम राहूनच गेलंय. बटणाच्या बाहेरचे दोन पिक्सेल बिघडलेले दिसले, तर लूप हद्द ओलांडतोय. तिन्हींची खूण वेगळी आहे, म्हणून कोड उघडण्याआधी पिक्सेल मोजा. उपाय सरळ आहे : उरलेले ६ साध्या लूपने करा, किंवा ८ पिक्सेलच्या तात्पुरत्या जागेत नेऊन तिथे ब्लेंड करा आणि फक्त ६ परत लिहा.

आता काळं पडणं. पांढऱ्याची किंमत २५५. पांढऱ्यावर पांढरा थर चढवला, तर अल्फा (थर किती अपारदर्शक ते सांगणारा ० ते २५५ मधला आकडा) काहीही असो, भागाकाराआधी बेरीज २५५ × २५५ म्हणजे ६५,०२५ येते. २५५ ने भागलं की २५५. आठ बिटं सरकवणं म्हणजे २५६ ने भागणं, त्यातून येतात २५४. एका वेळी १ चा फरक, म्हणून तुमच्या टेस्टने तो सोडून दिला. पण तुम्ही बहुधा फक्त बदललेला भाग नव्याने काढता, आणि विरून गेलेली पट्टी अल्फा ० ने दर फ्रेमला चढतच राहते. अल्फा ० ला खालचा रंग जसाच्या तसा राहायला हवा. तुमच्या सूत्रात तो दर वेळी १ ने उतरतो : २५५, २५४, २५३... सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर सव्वाचार सेकंदांत पांढऱ्याचा काळा. अल्फा ० असेल तर फंक्शनमध्ये शिरूच नका, हे तर कराच. पण तेवढ्याने भागणार नाही. अल्फा १६ चा पांढरा थर पांढऱ्यावर पुन्हा पुन्हा चढवून बघा, रंग घसरत २४० वर येऊन थांबतो.

भागाकार न करता अचूक उत्तर देणारं सूत्र जुनं आणि भरवशाचं आहे. बेरजेत १२८ मिळवा. आलेल्या संख्येत तीच संख्या ८ बिटं सरकवून मिळवा, आणि मग पुन्हा ८ बिटं सरकवा. सगळ्यात मोठी बेरीजही ६५,४०७ च्या वर जात नाही, म्हणजे १६ बिटांत मावते. निऑनसाठी हे फार मोलाचं आहे, कारण ३२ बिटांवर जावं लागलं तर एका रजिस्टरमध्ये निम्म्याच किमती बसतात. एक लक्षात ठेवा : हे सूत्र जवळच्या पूर्णांकाला नेतं, तुमचा जुना भागाकार मात्र अपूर्णांक नुसता कापत होता. म्हणून पडताळणीसाठी जुनं फंक्शन घेताना त्यात १२७ मिळवून मग २५५ ने भागा. ० ते ६५,०२५ या सगळ्या किमती तपासा, क्षणात होतात. तिथे १ चाही फरक चालवून घेऊ नका.

वरिष्ठांच्या शंकेबद्दल. दोष कंपायलरचा नसला, तरी रिव्हर्ट करण्याचा त्यांचा सल्ला चूक नाही. २०१० साली फेडोरा १४ या लिनक्स प्रणालीवर फ्लॅशचा (ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवणाऱ्या प्रोग्रामचा) आवाज खरखरू लागला होता. जी-लिबसी या लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीतलं मेमकॉपी, म्हणजे मेमरीतला मजकूर एका जागेतून दुसरीकडे नेणारं फंक्शन, वेगवान करताना कॉपीची दिशा बदलली होती, आणि फ्लॅश एकमेकांवर चढलेल्या जागांसाठी तेच वापरत होतं, जे नियमाने चालत नाही. कारण शोधणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स (लिनक्सचे जनक) यांचं म्हणणं असं की, चूक कोणाची याच्याशी वापरणाऱ्याला देणंघेणं नसतं. मला ते पटतं. पुढे जी-लिबसीच्या २.१४ आवृत्तीत जुन्या प्रोग्रामना जुनं वागणं मिळेल अशी सोय झाली.

तर येत्या रिलीजला जुनं फंक्शन जाऊ द्या, त्यात कमीपणा नाही. नवं दोन वेगळ्या कमिटमध्ये आणा : आधी फक्त सूत्र, मग निऑन. साधं सी फंक्शन टेस्टमध्ये कायम ठेवा. रुंदी १ ते ३३ पर्यंत एकेक करून चालवा, ओळीची सुरुवात ० ते ७ पिक्सेल सरकवून पाहा, आणि दोन्ही बाजूंना ठरावीक रंगाचे राखणदार पिक्सेल ठेवून ते शेवटी तसेच आहेत का बघा. मग वेग पुन्हा मोजा, प्रत्यक्ष बोर्डवर. अशा चिपवर बराच वेळ मेमरीची वाट पाहण्यात जातो, त्यामुळे नव्या सूत्रातल्या जास्तीच्या दोन-तीन आज्ञांचा भार कदाचित जाणवणारही नाही. आलेले आकडे वरिष्ठांसमोर ठेवा.